मिशीच्या गोष्टीचा उरलेला भाग

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

आमच्या कंपनीतलं कुणी हे वाचत असेल तर आत्ताच हसेल. म्हणेल, गणपतराव, मिशीची गोष्ट तुम्ही सांगितली नाही? अहो, कँटीनच्या खुर्च्यांना पाठ आहे ती! खरं आहे. सांगितली. नाव बदलून, 'आमच्या गावातला एकजण' असं म्हणून, हातवारे करून, शेकडो वेळा सांगितली. पण सांगितली ती अर्धी. जिथपर्यंत लोक हसतात तिथपर्यंतची. हसू संपायची जागा जवळ आली की मी कप उचलायचो आणि म्हणायचो, "चला, भोंगा झाला." भोंगा झालेला नसायचा.

उरलेला भाग आज सांगायचा आहे. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून जमेल कदाचित. ओळखीच्या माणसासमोर मी लगेच गमत्या होतो — जन्माची खोड आहे. इथंही होईन. मध्येच हसू आलं तर हसा, माझी हरकत नाही. फक्त उठून जाऊ नका.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला आमच्या वाडीची जमीन कारखान्यांसाठी गेली. कासारवाडी स्टेशनापासून पायी पाऊण तासावरची वाडी. सातबारावर आम्हा दोघा भावांची नावं — माझं, म्हणजे गणपतचं, आणि माझ्याहून तीन वर्षांनी धाकट्या शंकरचं. आबा, आमचे वडील, आधीच गेले होते. ज्याची जमीन गेली त्याला नोकरी, असा शब्द मिळाला होता, आणि चार वर्षांनी कारखाना उभा राहिला तेव्हा तो पाळलाही गेला. अट एकच. मेडिकल.

मेडिकल हा शब्द आमच्या वाडीत तेव्हा मामलेदार आल्यासारखा उच्चारत. माणसं दाढी करून, तेल लावून, देवाला नारळ फोडून मेडिकलला जात. माझं झालं. पहिल्या फटक्यात पास. मी म्हणजे बैलच होतो — ज्वारीचं पोतं एकटा माडीवर चढवायचो आणि सबंध वाडीनं ते पाहावं म्हणून वाटेत उगाच थांबायचो.

शंकरचं तसं नव्हतं. शंकरला अधूनमधून 'यायचं'. काय यायचं ते सांगता यायचं नाही. चांगला गप्पा मारत बसलेला गडी एकदम पांढराफटक पडायचा. दोन्ही हातांनी डोकं गच्च धरायचा. घामानं बंडी ओलीचिंब, आणि छाती अशी उडायची की समोर बसलेल्याला बंडीवरून दिसावी. पंधरा-वीस मिनिटं. मग उठून भाकरी मागायचा. आबांनाही असंच यायचं. एक दिवस आबा चिंचेखाली डोकं धरून बसले ते उठलेच नाहीत. म्हणून घरात त्या दुखण्याला नाव होतं — आबांची धडधड. आई म्हणायची, बापाची जमीन दोघांना मिळाली, धडधड मात्र धाकट्यालाच.

तर शंकर मेडिकलला घाबरला. "दादा, त्या डाक्टरनं दंडाला पट्टा आवळला की मला येणार बघ. येणार म्हंजी येणारच." आणि मला — मला त्या क्षणी काय सुचलं म्हणता? त्याला घेऊन पुण्याच्या एखाद्या डॉक्टरकडे जावं हे सुचलं? छे. मला गंमत सुचली. म्हणालो, "तू कशाला जातोस? तुझ्या नावानं मीच जातो."

तेव्हा फॉर्मवर फोटो नव्हता. नाव, वय, अंगठा किंवा सही. अडचण एकच — माझी मिशी. आकडे वळवलेली. कंपनीच्या दवाखान्यातला कंपाउंडर तीन आठवड्यांपूर्वीच तिच्याकडे बघून म्हणाला होता, "हिचंही वजन करायचं का?" ती मिशी तो विसरणार नव्हता. म्हणजे ती जायला हवी.

आता, आमच्यात माणूस मिशी काढतो ती घरात मयत झाल्यावर. एरवी नाही. चिंचेखाली न्हाव्यानं वस्तरा हातात घेतला आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोन गेलं?" म्हटलं, "कुनी न्हाई. तू उडव." त्यानं उडवली, पण विश्वास ठेवला नाही. मी विहिरीवर अंघोळ करून येईपर्यंत आमच्या दारात आठ-दहा बायका पदर तोंडाला लावून हजर. आई भाकऱ्या थापत होती. तिला कवटाळून त्या रडायला लागल्या, त्या रडतात म्हणून तीही रडायला लागली, आणि कोण गेलं ते एकीलाही ठाऊक नाही! आईला वाटलं, मीच गेलो. तेवढ्यात मी टॉवेल खांद्यावर टाकून शीळ घालत आत आलो — बिनमिशीचा. कशासाठी उडवली ते सांगितलं, तशी आईनं फुकणी उचलली ती थेट माझ्या पाठीत. "जित्या भावासाठी मिशी काडतोस व्हय रं, मुडद्या!"

इथं कँटीन हसायचं. शंकर तर डोळे पुसायचा. आईचं ते वाक्य मात्र मी गोष्टीत कधी घातलं नाही. का ते पुढं कळेल.

दवाखान्यात आणखी एक फजिती. कंपाउंडरनं हाक मारली, "शंकर!" मी बसून राहिलो. दुसऱ्यांदा, "शंकर!" मी इकडेतिकडे बघतोय, कोण हा बहिरा? तिसऱ्यांदा शेजाऱ्यानं कोपर मारलं तेव्हा आठवलं की तो बहिरा मीच. आत गेलो. डॉक्टरांनी जीभ पाहिली, दंडाला पट्टा आवळला, नाडी धरली, बाटलीत लघवी घेतली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला कुठंतरी पाहिलंय."

"भाऊ हाय की माझा हितं, साहेब. गणपत. मिशीवाला. आमी दोघं सारखेच दिसतो."

"हां, तो! छान प्रकृती आहे तुम्हा भावांची." आणि त्यांनी लिहिलं — रक्तदाब एकशेवीस-ऐंशी, नाडी बहात्तर, नोकरीस योग्य.

हे संभाषण लक्षात ठेवा. 'भाऊ आहे माझा इथं.' हे मी डॉक्टरला एकदा सांगितलेलं आहे. नुसतं सांगितलं नाही, छाती फुगवून सांगितलं.

पुढची बारा-तेरा वर्षं चांगली गेली. मी मशीन शॉपला, शंकर फाउंड्रीत. त्याचं लग्न चाकणच्या कमलशी झालं, मुलगी झाली, मंगल. धडधड त्याला महिन्या-दोन महिन्यांनी यायची. फाउंड्रीत ती खपून जायची — भट्टीसमोर सगळ्यांनाच घाम, सगळ्यांचीच छाती उडते. आली की तो साच्यांच्या मागे जाऊन बसायचा. हेही आम्हाला विनोदी वाटायचं. कंपनीच्या कागदावर शंकरचं शरीर म्हणजे माझं शरीर, तेव्हा त्यानं आजारी पडायचं तरी कुणाच्या परवानगीनं?

मग संप झाला.

तो कसा झाला, कुणाचं बरोबर होतं, हे सांगत नाही. चाळीस दिवस झाले, घरातली भांडी वाजायला लागली, एवढं पुरे. मी रोज गेटवर घोषणा द्यायला पुढं. एक्केचाळिसाव्या दिवशी कंपनीची बस आली — खिडक्यांना जाळ्या ठोकलेली, आत कामावर जाणारी माणसं माना खाली घालून. आणि तिसऱ्या खिडकीत शंकर.

माझा शंकर. ज्याच्यासाठी मी मिशी काढली तो शंकर. माझ्या दंडावरचा पट्टा, माझी बाटली, माझ्या नाडीवर लागलेली नोकरी — आणि हा माझ्याच तोंडावरून, माझ्याच विरुद्ध, आत जातोय? त्यानं वर पाहिलं. मला पाहिलं. पुन्हा मान खाली.

गेटवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. राव, तुमचा भाऊ ना तो? मी थुंकलो आणि मोठ्यानं ओरडलो, "आजपासून मला भाऊ नाही!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला थांबता येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ते वाक्य मी पुढं चौकात, पारावर, सलूनमध्ये, मिळेल तिथं म्हटलं. संप मिटला, आम्ही सगळे आत गेलो, तरी म्हणत राहिलो. दोन घरांमध्ये एक कुडाची भिंत, पण मी बोललो नाही. आई तोवर गेली होती, नाहीतर पुन्हा फुकणी निघाली असती.

दगा म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं असं मी समजत होतो. छातीत काहीतरी सडत असल्यासारखं वाटायचं. रात्रंदिवस तेच — त्यानं असं का केलं? माझ्याशी? एकदा समोर येऊन का सांगत नाही? मी विचारायला जात नव्हतो, ही गोष्ट वेगळी. दगा झालेल्या माणसानं कशाला जायचं? सगळं जग आपल्याला देणं लागतं, अशी एक ऐट येते बघा त्यात.

पुढच्या वर्षी माझ्या गळ्यात गाठ आली. सुपारीएवढी. आधी मी तिच्यावरही विनोद केले. पण ती वाढली, आणि कंपनीच्या डॉक्टरांनी पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या — किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी सुईनं गाठीतलं पाणी काढलं, रक्त घेतलं, आणि एक प्लास्टिकचा कॅन देऊन म्हणाल्या, चोवीस तासांची सगळी लघवी यात. तो कॅन मांडीवर घेऊन मी बसनं पुण्याला गेलो आणि शेजाऱ्याला म्हणालो, घरच्या म्हशीचं ताक आहे. अशी माझी अक्कल.

निकाल आल्यावर बाईंनी मला खुर्चीवर बसवलं. साध्या मराठीत, सावकाश सांगितलं. शरीरात ग्रंथी असतात, त्या रक्तात रस सोडतात. गळ्यात एक आहे, तिच्या मागे चार बारक्या, आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक. काही घराण्यांत असा दोष असतो की एकाच माणसाच्या दोन-तीन ग्रंथींत गाठी होतात. आई-बापाकडून मुलांत उतरतो. तुमची गळ्याची गाठ त्यातली वाटते. गाठ वाईट आहे, पण वेळेवर आलात. लघवीत काही नाही, म्हणजे वरच्या टोप्या सध्या ठीक आहेत.

मग म्हणाल्या, "तुमचे वडील कशानं गेले?"

मी आबांची धडधड सांगितली. घाम, डोकं, उडणारी छाती, चिंच. सांगतासांगता बाईंचा चेहरा बदलत गेला. पेन खाली ठेवलं.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "ती टोपीतली गाठ असणार. ती अधूनमधून रस सोडते, तेव्हा तसं होतं. एरवी माणूस धडधाकट दिसतो. अशा माणसाचं दुसऱ्याच कशासाठी ऑपरेशन करायला घेतलं आणि भूल दिली, तर तो टेबलावरच जाऊ शकतो. आधी कळलं, तर औषधं देऊन ती गाठच काढता येते. म्हणून विचारते — भाऊ, बहिणी?"

आता मी तुम्हाला काय सांगू? मला समजलं नाही असं सांगू? अक्षर न् अक्षर समजलं. बाई बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर साच्यांच्या मागे डोकं धरून बसलेला शंकर होता. आणि त्याच्यापुढं — जाळीची बस. आणि त्याच्याही पुढं आणखी एक भीती, ती मी अजून कबूल केली नाही ती आता करतो. कंपनीनं पाठवलेला पेशंट मी. माझे कागद कंपनीत जाणार. शंकरला बोलावलं असतं, तर एकशेवीस-ऐंशी कुणाचे, हे निघालं असतं. नोकरी त्याची गेली असती. माझीही गेली असती.

राग किती आणि भीती किती? मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

"भाऊ नाही," मी म्हणालो. "बहीण नाही. मी एकटाच."

बाईंनी लिहून घेतलं. मग मुलांचं विचारलं. मला दोन मुलगे. त्यांना महिन्याच्या आत घेऊन गेलो मी, दोघांना, काम टाकून. तपासलं. काही नाही निघालं. मी देवाला पेढे ठेवले आणि वाटले. कुडाच्या भिंतीपलीकडे नाही वाटले.

हे वाचून तुम्ही उठला नाहीत, तर बसाच. अजून आहे.

माझं ऑपरेशन झालं, गळ्याला आडवी खूण राहिली. लोकांना सांगितलं, साधी गाठ होती. आठ महिने गेले. एका दुपारी कमल दारात उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "भावजी, उद्या सकाळी त्यांचं हर्नियाचं आपरेशन हाय. चिंचवडला. थोरलं मानूस म्हनून तुमीच. आलात तर बरं हुईल."

मी लगेच निघालो. सायकलवर. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सगळ्या रस्ताभर मी एकच गोष्ट घोकत होतो — पोचल्या पोचल्या सांगायचं. डॉक्टरांना सांगायचं, भूल देऊ नका. नोकरी गेली तर गेली. खरंच घोकत होतो. पायडलगणिक.

छोटंसं इस्पितळ. सहा खाटांची खोली. शंकर खिडकीजवळच्या खाटेवर मांडी घालून बसला होता. मला बघून हसला. दोन वर्षांनी.

"ये की. थुकायला आलास का?"

मी बसलो. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला, हळू आवाजात. "दादा, तू लई येडा हाईस. त्या संपात गेटवर नोटीस लागलेली, वाचली न्हाईस का?"

"कसली?"

"संपावरल्या मानसांना परत घेताना नव्यानं मेडिकल व्हनार म्हनून. मग मी काय करनार? आता फारमवर फोटू लावत्यात. तू काय दुसऱ्यांदा मिशी काडनार व्हतास? मी पकडला गेलो असतो, आन् माज्यासंगं तू. म्हनून गेलो आत. सांगू कुनाला? तुला सांगनार व्हतो, तर त्याआधीच तू थुकलास."

नोटीस मी वाचली होती. मोठ्यानं वाचून दाखवली होती मी ती, गेटवर, चार जणांना, नकला करून. पुढच्या ओळीवर विनोद सुचला म्हणून ही ओळ तशीच गेली. शेवटी नवी मेडिकल झालीच नाही, कंपनीनं तो हट्ट सोडला. पण त्याला ते कसं कळणार होतं?

दोन वर्षं मी ज्याला दगा म्हणत फिरलो, तो हा होता.

त्याच वेळी भूल देणारे डॉक्टर आले. तरुण, हसरे. हातात कंपनीच्या दवाखान्यातून आलेली शंकरची फाइल. त्यांनी पट्टा बांधला, रक्तदाब घेतला. आम्ही दोघंही श्वास धरून बसलो, जुन्या सवयीनं. "छान आहे," ते म्हणाले. फाइल उघडली. "नोकरीला लागतानासुद्धा एकशेवीस-ऐंशी. वा. कधी चक्कर, घाम, काही त्रास?"

"छ्या. बैल हाय मी, साहेब," शंकर म्हणाला, आणि त्यांच्या पाठीआडून मला डोळा मारला.

मी हसलो.

हाच तो माझा गुन्हा. बाकी सगळं सांगून झालं ते यासाठी. रागानं गप्प बसलो असतो, तर मी कदाचित स्वतःला समजावू शकलो असतो. पण राग तर पाच मिनिटांपूर्वी संपला होता. मला माझा भाऊ परत मिळाला होता. आम्ही पुन्हा एका गोष्टीवर हसत होतो. आणि सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं — की मला आठ महिन्यांपूर्वीच कळलं होतं. की माझी मुलं तपासून आणली. की तू माझ्यासाठी जाळीच्या बसमध्ये बसलास, आणि मी डॉक्टरांना सांगितलं की मला भाऊच नाही. त्याच्या तोंडावरचं ते हसू जाताना बघावं लागलं असतं. तेवढं मला झेपलं नाही. मनात म्हटलं, आत्ताच पट्टा बांधला, चांगला आला की! बाईही 'जाऊ शकतो' म्हणाल्या होत्या, 'जातो' नव्हत्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याजवळ बसलो. त्यानं मला मिशीची गोष्ट सांगायला लावली, शेजारच्या खाटांसाठी. मी सांगितली. खोलीभर हसले. सिस्टर येऊन रागावल्या.

सकाळी त्याला आत नेलं. तासाभरानं तेच तरुण डॉक्टर बाहेर आले. टोपी हातात, केस घामानं चिकटलेले. रक्तदाब एकाएकी असा चढला की — असं होत नाही हो कधी. फाइल तर — आणि मग माझ्याकडे बघून, विनवल्यासारखं, "यांना पूर्वी कधी काही होत होतं का? घरात कुणाला?"

"नाही," मी म्हणालो.

तो मुलगा — डॉक्टरच तो, पण मुलगाच होता — काय चुकलं म्हणून किती रात्री जागला असेल? त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

पवनेच्या घाटावर सगळं झालं. न्हावी आला, भावकीतल्या धाकट्यांच्या मिशा काढल्या. माझ्याकडे वळला नाही. धाकट्यासाठी थोरला मिशी काढत नाही, अशी आमच्यात रीत आहे. मी बसून राहिलो. आईचं ते वाक्य कानात. त्याच्यासाठी मी मिशी आधीच काढून ठेवली होती.

यानंतर मला उपरती झाली आणि मी मंगलला, शंकरच्या मुलीला, ताबडतोब तपासायला नेलं — असं तुम्हाला वाटत असेल तर चांगलं आहे, तुम्ही सज्जन आहात. मी दोन वर्षं काहीही केलं नाही. दोन वर्षांनी दिवाळीत ती फराळ घेऊन आली, पंधरा वर्षांची, आणि तांब्या उंच धरून पाणी प्यायली. हनुवटी वर गेली. गळ्यात सुपारी वर-खाली झाली. ती मी पाहिली म्हणून नेलं. पाहिली नसती तर?

आणि नेतानाही काय केलं? बाईंना तर भाऊ नाही म्हणून सांगितलेलं. मग पुतणी कुठून आणू? कमलला म्हणालो, माझी मुलगी म्हणून नाव घालू, म्हणजे कंपनीतर्फे उपचार होतील. तिनं पाया पडायला वाकून पदर डोळ्यांना लावला. बाईंनी जुनं रजिस्टर काढलं. "तुम्हाला मुलगी आहे? तेव्हा दोन मुलगेच आणलेत."

"आजोळी असती, चाकणला," मी म्हणालो. माझ्या तोंडात खोटं नेहमी तयार असतं, हे आता वेगळं सांगायला नको.

मंगलच्या गळ्यातली गाठ निघाली. टोप्यांमध्ये अजून काही नाही, दर वर्षी बघत राहायचं. घरी सोडताना बाई तिच्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "हे वडिलांकडून आलंय बरं का तुला. पण वडिलांनीच वेळेवर आणलं. नशीबवान आहेस." आणि मंगलनं बाईंच्या पाठीआडून मला डोळा मारला. अगदी तसाच. आपण डॉक्टरला कसं फसवलं, म्हणून.

ती आता रोज सकाळी एक गोळी घेते. ठीक आहे. भेटली की माझ्या गळ्याची खूण दाखवून सगळ्यांना सांगते, "काका आन् मी, आमचा दागिना एकच." काका नसते तर मी वाचले नसते, हेही सांगते. कमल अजूनही सणाला पहिलं ताट माझ्याकडे पाठवते. हे आत जातं कसं, असं विचाराल. जातं. मी जेवतो.

त्या रजिस्टरात आमच्या घराण्याचं एक पान आहे. दर वर्षी मंगलला घेऊन जातो तेव्हा बाई ते उघडतात, मला उलटं दिसतं. वडील — आकस्मिक मृत्यू. गणपत — शस्त्रक्रिया, बरा. दोन मुलगे — दोष नाही. मुलगी मंगल — शस्त्रक्रिया, बरी. आणि मधल्या ओळीवर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात, भाऊ — नाही.

ते लिहिलं त्या दिवशी ते खोटं होतं. आठ महिन्यांनी मी ते खरं केलं.